नव्या मंडईचं छत

“पालक, कोवळा पालक!” थोरलीने हाक दिली. दारातून आत येणाऱ्या तीन बायका थबकल्या, त्यांनी वर पाहिलं आणि तिच्याकडे पाठ करून तरातरा पलीकडच्या टोकाला निघून गेल्या.

पलीकडच्या टोकाला तिची धाकटी जाऊ फळं घेऊन बसली होती.

सकाळपासून हेच चाललं होतं. नव्या मंडईचा पहिला दिवस. ओटा गुळगुळीत, नळाला पाणी, डोक्यावर उलट्या कढईसारखं भलंमोठं गोल छत. उन्हातान्हात रस्त्यावर बसून आयुष्य काढलेल्या बाईला आणखी काय हवं? गिऱ्हाईक हवं. तेच तेवढं येत नव्हतं. आणि परतीची वाटही राहिली नव्हती. बाहेर रस्त्याचं काम जोरात सुरू होतं, तिच्या जुन्या जागेवर फरशी बसली होती, तिथं आता माणसं चालणार होती. इथं जम बसला नाही तर घरी बसून मुलाच्या जिवावर दिवस काढायचे, आणि तेच तिला नको होतं.

रस्त्यावर दोघी जावा शेजारी शेजारी बसायच्या. कोणाची टोपली कोणाच्या जागेत किती सरकली यावरून एकदा जुंपली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. नव्या मंडईत जागा वाटताना थोरलीने साहेबाला ठणकावून सांगितलं होतं, “तिच्यापासून जितकं लांब देता येईल तितकं द्या.” साहेब भला माणूस. त्याने दोघींना बरोबर समोरासमोरची टोकं दिली.

“पपई कशी दिली?” एका म्हाताऱ्याने ओट्यावर पिशवी ठेवत विचारलं.

“पालक आहे, टोमॅटो आहेत, कोथिंबीर आहे. पपई तुम्हाला कुठं दिसली?”

“दिसली नाही, ऐकू आली. इथूनच तर हाक आली.”

“मी? पपई?” थोरलीचा पारा चढला. “कोणी पाठवलं तुम्हाला? तिनेच ना?”

म्हातारा वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने नुसतं बोट वर केलं. थोरली त्याला काही सुनावणार, तेवढ्यात तिच्या डोक्यावरून, कोणी खांद्याला खांदा लावून बसावं इतक्या जवळून आवाज आला, “पपई, गोड पपई...” आणि मग खोकला.

थोरलीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मंडईच्या त्या टोकाची बाई इथं तिच्या कानात खोकत होती. म्हणजे सकाळपासून आपण घसा फोडून गिऱ्हाईक गोळा करतोय ते तिच्या ओट्यावर, आणि तिचं गिऱ्हाईक आपल्याकडे येतंय त्याला आपण हाकलून लावतोय. त्या गोल छताने दोघींचीही थट्टा चालवली होती.

पण तिला हसू आलं नाही. तो खोकला काही कानातून जाईना. धाकटीला धुळीचा त्रास होता, आणि रस्ता खणायला घेतल्यापासून तो वाढला होता. शेजारी बसत असताना ते कळत नव्हतं असं नाही. बोलणंच बंद, तर विचारायचं कसं, म्हणून विचारलं नव्हतं. आता तिला त्याचं वाईट वाटलं.

म्हाताऱ्याला तिने पलीकडच्या टोकाला धाडलं. दुपार झाली होती, मंडई जरा शांत होती. टोमॅटो पुसायचं निमित्त करून तिने मान वर केली आणि हळूच म्हणाली, “घसा बसलाय तुझा. पाणी पी.”

आपण खुळ्यासारखं छताशी काय बोलतोय, असं वाटून ती पुन्हा टोमॅटोकडे वळली.

“प्यायले,” छतातून उत्तर आलं. मग, “जाऊबाई, इथं बायका पालक मागत उभ्या आहेत. काय देऊ त्यांना, केळीची सालं?”

“इकडं पाठव.”

“पाठवते. पण दिवसभर मी काय माणसं पाठवायचंच काम करू?”

एवढं मात्र खरं होतं. थोरलीने घटकाभर विचार केला. “माझा आवाज तुझ्याकडे पडतो ना? मग मी तुझं ओरडते. तू माझं ओरड.”

“तुम्ही माझी फळं विकणार?”

“ओरडणार म्हटलं. विकायची तुझी तू. आणि जरा दमानं घे, माझा पालक कुठं पळून जात नाही.”

तिने छाती भरून श्वास घेतला. “पपई, गोड पपई! केळी घ्या, केळी!” तिच्या ओट्यावर एकही केळं नव्हतं. शेजारचा कांदेवाला तिच्याकडे बघतच राहिला. वरून बसक्या आवाजात हाक उतरली, “पालक, कोवळा पालक, आमच्या जाऊबाईंचा पालक.” दारातल्या बायकांनी पिशव्या सावरल्या आणि त्या थोरलीच्या ओट्याकडे वळल्या.

पालकाच्या मोजक्या जुड्या उरल्या होत्या, तेव्हा मंडईच्या आणि रस्त्याच्या कामाचा मुकादम दोन माणसं आणि शिडी घेऊन आला.

“मावशी, आवाज घुमतोय म्हणून तक्रार आहे. छताला आतून फळ्या बसवायच्या राहिल्यात. आज माप घेतो, उद्या बसवून टाकतो, मग इकडचं तिकडं काही ऐकू येणार नाही.”

थोरलीने वर पाहिलं. तिथं धाकटी कोणाशी तरी पपईच्या भावावरून हुज्जत घालत होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“छताचं काही अडलेलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही आधी रस्ता पुरा करा.”