शेवट फोडणारे साहेब

पार्सल खात्याच्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘समाप्त’ म्हणत. सिनेमा नवा असो की जुना, चहाच्या वेळी त्याचा शेवट फोडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. “खुनी मेहुणाच आहे. आता निवांत बघा!”

आज नोकरकपात होती. मोठ्या मॅडम एकेकाला खोलीत बोलावून निकाल सांगत होत्या. बाहेर बाकावर साहेबांच्या खात्यातली एक कारकून बसली होती, घरातली एकटी मिळवती. तेवढ्यात समाप्तसाहेब आतून यादी पाहून आले. कुणापुढे अवाक्षर काढायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

“काल एक सिनेमा पाहिला. अगदीच सुमार.”

“सर, आत्ता नको ना!”

“ऐक गं. नायिका बाकावर बसलेली. तिला वाटतं, आपली नोकरी जाणार. मध्यांतरापर्यंत नुसती रडारड.”

“मग?”

“मग काय? जात नाही नोकरी. उगाच ताणलंय.”

ती बघतच राहिली. “नाव काय सिनेमाचं?”

“अजून ठेवलं नाही,” म्हणत साहेब चालते झाले.

तिला आत बोलावलं. साहेबांवर बालंट येऊ नये म्हणून तिने तोंड पाडलं, पदराशी चाळा केला, आणि मॅडमनी “तुम्ही राहताय” म्हणताच असा काही हंबरडा फोडला, की मॅडमच घाबरून पाण्याला धावल्या.