डावीकडची खूण

"हे भोक चुकीच्या बाजूला आहे," कैरबेक म्हणाला आणि त्याने कागद टेबलावर आपटला.

ओल्झास दाराशीच टोपी हातात धरून उभा होता. दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे त्याचा अपमान करणं, आणि कैरबेकने आज मुद्दामच विचारलं नव्हतं.

टेबलावर ॲल्युमिनियमचा कोरा डबा होता, विटेपेक्षा लहान. त्यावर चिकटवायचा कागद ओल्झासने स्वतः आखून आणला होता. त्यातून गिटारचं पेडल करायचं होतं. पायाने बटण दाबलं की गिटारचा सरळ सूर गुरगुरायला लागतो, तसला डबा. करागांडा शहरात असे डबे घरी जुळवणारे बरेच होते, पण भोकं पाडायला सगळे कैरबेककडेच यायचे. बाकीच्यांच्या हातात ड्रिलचा बिट पत्र्यावर नाचतो. कैरबेकचा नाचत नसे.

"गिटारची वायर उजवीकडून आत शिरते. यच्चयावत पेडलांत तशीच शिरते. तू खूण केलीस डावीकडे. डबा उघडा टाकून आतून बघितलंस आणि तसंच आखलंस, हो ना? शिकाऊ लोक करतात हे. तेही एकदाच."

"कागदावर आहे तसंच पाडा, आगा," ओल्झास म्हणाला. कैरबेक वयाने मोठा, म्हणून सगळा बँड त्याला आगाच म्हणायचा. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

सगळ्यांनी मिळून! कैरबेकच्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांनी म्हणजे बँडने. ज्या बँडला नाव त्याने दिलं, निम्मी गाणी त्याने दिली, त्या बँडने. गेल्या हिवाळ्यात बाल्खाशच्या रस्त्यावर त्यांची गाडी उलटली आणि कैरबेकचे पाय गेले. चाकांची खुर्ची आली. गाडी ओल्झास चालवत होता, पण त्यावरून कैरबेकने त्याला चकार शब्द ऐकवला नाही. बर्फापुढे कुणाचं चालतं? राग वेगळाच होता. इस्पितळात सगळे डोळे पुसत म्हणाले होते, तुमची जागा तुमचीच. आणि वसंतातला नौरीझचा सण उजाडायच्या आत सरावाला त्याच्या जागी गिटार घेऊन मिरास यायला लागला. संगीत महाविद्यालयातलं कोवळं पोर. येत्या रविवारी खाणकामगारांचा दिवस, मोठ्या चौकात कार्यक्रम. कैरबेकला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

एकदा विचारायला आले होते, हे खरं. तेव्हा त्यानेच त्यांना हाकलून दिलं होतं. ज्याला पेडल दाबता येत नाही त्याने मंचावर जाऊन काय दिवे लावायचे, असं म्हणाला होता. पण एकदा हाकललं म्हणून माणसं पुन्हा येतच नाहीत? आता आले होते ते भोकं पाडून घ्यायला.

"कुणासाठी आहे हे?" त्याने माहीत असून विचारलं.

"आपल्या गिटारवाल्यासाठी."

"आपल्या!" कैरबेक हसला. ते हसू ऐकून ओल्झासची मान आणखी खाली गेली.

कैरबेकने कागद डब्यावर चिकटवला, खुणांवर पंच ठेवून हातोडीचा एकेक नेमका ठोका दिला आणि डबा शिकंज्यात आवळला. आधी बारीक बिट, मग जाड. रॉकेलचा थेंब टाकत, घाई न करता. चकाकता चुरा त्याच्या बाह्यांवर उडत होता. हात शांत होते, तोंड नव्हतं.

"बटणाभोवती एवढं मैदान कशाला सोडलंय? मिरासला हत्तीचे पाय लागलेत?"

ओल्झासने नुसतं कागदाकडे बोट दाखवलं.

मग डबा आडवा झाला. बाजूच्या भिंतीवर ती डावी खूण होती. कैरबेक तिच्याकडे बघत राहिला. पाडावं का तसंच? पोराची वायर चौकात सगळ्यांसमोर पायात येऊ दे, तोंडावर पडू दे त्याला. क्षणभर फार बरं वाटलं. पण त्याच्या हाताखालून वाकडा डबा आजवर बाहेर गेला नव्हता, आणि वैऱ्यासाठीसुद्धा जाणार नव्हता. त्याने डबा फिरवला, उजव्या भिंतीवर पंच मारला आणि मशीन सुरू केलं.

"आगा! आगा, थांबा!"

मशीनच्या घरघरीत ओल्झासचं ओरडणं त्याला ऐकू आलं, पण तो थांबला नाही. बिट आरपार गेला. कैरबेकने कानशीने कडा साफ केल्या, भोकात बोट फिरवून पाहिलं आणि डबा ओल्झासपुढे सरकवला.

"घे. आणि त्या तुमच्या मिरासला सांग, कैरबेकने तुझी लाज राखली."

ओल्झासने डबा उचलला. त्याचा अंगठा डावीकडच्या कोऱ्या भिंतीवरून फिरला. मग त्याने टोपी जमिनीवर फेकली. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच चिडला होता.

"कसला मिरास? मिरास फक्त सरावापुरता आहे! तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा हाकललं असतंत, म्हणून डबा तयार करूनच यायचं ठरवलं. पण भोकं तुमच्याशिवाय पाडणार कोण?" त्याने डबा पुढे धरला. "हा डबा जमिनीवर ठेवायचाच नव्हता, आगा. तुमच्या खुर्चीच्या उजव्या हातावर बसवायचा होता, कोपराने दाबायला. गिटार तुमच्या मांडीवर असणार. मग सांगा, वायर कुठल्या बाजूने येईल?"