सीटमागचं ठिगळ

लेक लढाऊ विमान चालवायची, म्हणून बाबांनी हॉलमध्येच तिचं विमान उभं करायला घेतलं होतं. खऱ्याच्या एक पंचमांश, पत्रा न् पत्रा हाताने कापलेला. ती फोटो पाठवायची आणि बाबा रिव्हेटसुद्धा मोजून ठोकायचे. लढाई सुरू झाली तरी फोटो येत राहिले. आजच्या फोटोत सीटमागे एक चौकोनी ठिगळ होतं. बाबांनी लगेच फोन लावला.

"हे मागच्या फोटोत नव्हतं गं."

"काही नाही हो बाबा, विमानाला जरा खरचटलं," म्हणत तिने हसून फोन ठेवला.

बाबांनी मापात ठिगळ कापलं आणि जागेवर बसवलं. सीट आणि ठिगळ यांच्यामध्ये त्यांची दोन बोटं मावली. दोन बोटं गुणिले पाच, म्हणजे खऱ्या विमानात जेमतेम वीतभर. गोळी लेकीच्या पाठीपासून एवढ्याच अंतरावरून गेली होती. त्यांनी बोटं पुन्हा घालून पाहिली.

"हे काय नवीन?" आई मागे येऊन उभी होती.

"माझा हात घसरला. भोक पडलं, ते बुजवलं." जन्मात कधी चूक कबूल न केलेले बाबा पुटपुटले.

आई ठिगळावरून बोट फिरवत राहिली.

"फोटो मलाही येतात हो. तिच्या विमानावर कुणाचा हात घसरला?"