गुहेच्या तोंडाशी

ब्रॉनवेनची गाडी फाटकाशी थांबल्याचं ऐकलं आणि लिंडनने जुन्या व्हिडिओ खेळाच्या चिपवर चिकटवलेला कागद नखाने सोलून शर्टाच्या खिशात टाकला. चिपच्या पाठीवर काचेची बारीकशी खिडकी होती. तिच्यावर महिनोन्महिने ऊन पडत राहिलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून तो कागद. त्यावर डेझच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘शेवटची प्रत. खरंच शेवटची.’

कागदाशिवायची चिप त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात ठेवली आणि दार उघडलं.

डेझ गेल्या हिवाळ्यात गेला. ब्रॉनवेन त्याची एकुलती एक मुलगी. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं जुनं खेळाचं यंत्र तिने लेकरासारखं कडेवर धरलं होतं.

“जुना टीव्ही आहे ना, काका? नसला तर सांगा. गाडीत आहे. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही.”

“पाणी तरी पी आधी. केवढं ऊन आहे!”

“नंतर. संग्रहालयवाल्यांना कधीच बाजारात न आलेले खेळ मांडायचेत. मी म्हटलं, आमच्या बाबांचा पाणबुड्या आहे की! लिंडनकाकांकडे आहे.”

नाणी टाकून खेळायचा पाणबुड्याचा खेळ घरातल्या टीव्हीवर आणायचं काम लिंडन आणि डेझने मिळून घेतलं होतं. चित्रं आणि संगीत डेझचं, प्रोग्राम लिंडनचा. नाताळला तो दुकानात यायचा होता, आलाच नाही. डेझ मरेपर्यंत प्रत्येक बार्बेक्यूला चिमटा हलवत सांगायचा, “खेळ तयार होता रे! कंपनीच्या सेल्सवाल्यांनी ऐन वेळी शेपूट घातलं.”

हे त्याला लिंडननेच सांगितलं होतं. खेळ तयार नव्हता. तिसऱ्या टप्प्यात पाणबुड्या गुहेच्या तोंडाशी अडकायचा आणि पडदा गोठायचा. लिंडनला चूक सापडली नाही, आणि सापडत नाही हे कबूल करायला जीभही उचलली नाही. सेल्सवाल्यांच्या गळ्यात घोंगडं टाकणं सोपं होतं, ते काही उत्तर द्यायला येणार नव्हते. काल संध्याकाळी त्याने खेळ पुन्हा लावून पाहिला. पाणबुड्या तिथेच अडकला. आता हे सगळ्या गावासमोर, पाटीवर नाव लावून?

“पोरी, एक वाईट बातमी आहे,” तो म्हणाला. “चिपवरचा कागद कधी गळून पडला कळलंच नाही. ऊन लागून सगळं पुसलं गेलं.”

ब्रॉनवेनने खिडकीतली चिप उचलली. तिच्या नखाएवढी ती काच उन्हात चमकत होती.

“बाबांचे मासेसुद्धा?”

“मासेसुद्धा.”

डेझने प्रत्येक माशाला वेगळं पोहायला लावलं होतं. एक म्हातारा मासा तर मधेच थांबून दम खायचा. काल तो मासा पाहून लिंडन एकटाच हसला होता. आता त्याला स्वतःची शिसारी आली.

“संग्रहालयात तपासून बघितली तर?”

“मी तपासली. कोरी आहे.”

“तुम्हीच म्हणताय म्हणजे संपलंच.” ती यंत्र मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. थोड्या वेळाने तिने पालथ्या हाताने डोळे पुसले. “मी नेऊ का ही? बाबांच्या फोटोपाशी ठेवते.”

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

टेबलावरच्या टोपलीतून तिने एक सफरचंद घेतलं, त्यावरचं गोल लेबल अलगद काढलं आणि चिपच्या काचेवर दाबून बसवलं. “आता काय उपयोग म्हणा,” ती म्हणाली, “पण उघडी बघवत नाही.”

तो गाडीपर्यंत सोडायला गेला. यंत्र मागच्या सीटवर ठेवून ती वळली.

“बाबा सांगायचे, जास्त गुण मिळवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं टाकलंय. तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. खरं होतं का हो ते?”

खिशातल्या कागदाचा कोपरा लिंडनला शर्टातून टोचत होता.

“होतं,” तो म्हणाला. “आहे. सगळ्यात वर तू. तुझ्याखाली तो, आणि मग मी. खेळ सुरू केला की आधी तेच दिसतं, ब्रॉन. देवाशप्पथ.”

ब्रॉनवेनने त्याला घट्ट मिठी मारली.

“तुम्ही फार चांगले आहात, काका,” ती त्याच्या खांद्याशी पुटपुटली. “पण मला बरं वाटावं म्हणून खोटं नका बोलू.”