बिबट्याची बातमी

पत्रकारितेचा पदवी अभ्यासक्रम विद्यापीठात चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती आली तेव्हा वर्गात एकही विद्यार्थी नव्हता.

"मुलं कुठायत?" समितीचे अध्यक्ष डॉ. हिरवे यांनी विचारलं. विभागप्रमुख गवईबाईंना घाम फुटला.

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल वाजले. ग्रंथालयात बिबट्या शिरलाय, एक मुलगी जखमी! हिरवेसरांनी धावत जाऊन दाराला कडी लावली. बाहेर नुसती पळापळ. मुलं तिकडेच गेली असणार, या विचारानं गवईबाईंना बसवेना.

तासाभरानं कुणीतरी दार बडवलं. बाहेर तिसऱ्या वर्षाची रुख्सार तांबोळी आणि तिच्यामागे अख्खा वर्ग, धापा टाकत, पण चेहरे फुललेले.

"मॅडम, बिबट्या नाही, उदमांजर आहे! तुम्ही यायच्या आधीच कुजबुज कानावर आली, म्हणून वर्गातून तिकडे धावलो. वनरक्षकांनी पकडलंय, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. जखमी कुणीच नाही, दवाखान्यातही विचारून आलो. विद्यापीठाच्या रेडिओवर खरी बातमी लागलीसुद्धा!"

बाहेरचा गोंधळ खरोखरच ओसरला होता. गवईबाईंनी तिला मिठीच मारली.

रुख्सारनं रेकॉर्डर हिरवेसरांसमोर धरला. "सर, अफवा कुणी कुणी पुढे पाठवली, तेही आम्ही विचारतोय. तुम्ही पाठवलीत?"

सरांनी खिशातला मोबाइल चाचपला. मग मोठ्यानं हसले.

"घरच्या ग्रुपवर पाठवली. नावासकट लिही." त्यांनी समितीतल्या सोबतच्या दोघा सदस्यांकडे पाहिलं. दोघांनीही मान डोलावली. "आणि हेही लिही, अभ्यासक्रम चालू राहणार."