मिठूच्या स्टुलावर

"उतारावर ब्रेक सुटतो, हे मी ताईंना सांगू? मला काय वेडं कुत्रं चावलंय?" मिठू शिवणवाल्या मावशींच्या कानाशी पुटपुटला.

"मग मी तरी कशाला सांगू? मी गादी शिवते. गादी झकास आहे," मावशी म्हणाल्या.

समोर नवी बाबागाडी झळकत उभी होती. ताईंनी दोन वर्षं खपून आखलेली, पोटच्या पोरासारखी जपलेली. दुपारी मोठे साहेब येऊन होकार देणार आणि मग कारखान्यात अशा हजारो गाड्या बनणार. सकाळपासून नुसती लगीनघाई. कोणी चाकं पुसत होतं, कोणी पुसलेली चाकं पुन्हा पुसत होतं.

त्यातच कोच आली. मानसशास्त्र शिकलेली, हसरी. ताईंच्या हाताखालची माणसं तोंड उघडत नाहीत, म्हणून कंपनीनं तिला लावलं होतं. महिनाभर सगळे तिच्याशी अगदी मोकळेपणानं बोलले. हवापाण्याविषयी.

"आज जागा बदलू या," ती म्हणाली. "मिठू ताई होईल आणि ताई मिठू."

ताईंचं वाक्य संपलं की त्याचं शेपूट पुन्हा म्हणायचं, ही मिठूची सवय. म्हणून तर तो मिठू. आज पहिलं वाक्य त्याच्या वाट्याला आलं होतं. तो ताईंच्या खुर्चीत ऐसपैस बसला. चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी, ही शिवण आहे की सापाची वाट? उसवा."

हुबेहूब. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मिठूच्या स्टुलावर बसलेल्या ताईसुद्धा खळखळून हसल्या. आता सगळ्यांनाच चेव आला. "अजून, अजून."

मिठू सुटलाच. कालचं ताईंचं बोलणं त्याला तोंडपाठ होतं. तो उठला, गाडीच्या दांड्यावर हात ठेवला आणि ताईंच्याच मायेनं म्हणाला, "मिठू, तुझी बायको पुढच्या महिन्यात बाळंत होईल ना रे? कारखान्यातून निघणारी पहिली गाडी तुझ्या बाळाला. माझ्याकडून."

सगळ्यांचे डोळे ताईंकडे लागले. काल यावर मिठू, "तुमच्याकडून, ताई, तुमच्याकडून," म्हणाला होता. आता ताईंनी तेवढंच म्हणायचं, की टाळ्या. मावशींनी तर हात वर घेतलेही.

ताई गाडीकडे वाकल्या. स्टूल बुटकं होतं. तिथून ब्रेक थेट डोळ्यांसमोर येत होता, आणि दांड्यावरच्या हाताच्या भारानं त्याची पकड सुटताना दिसत होती. कोच काही बोलणार, तोच ताईंनी हातानं तिला थांबवलं आणि मान वर करून मिठूकडे पाहिलं.

"नको, ताई," त्या म्हणाल्या. "या गाडीत मी माझं बाळ बसवणार नाही."