आमदारांची सीट

हॉस्पिटलच्या चारही सर्व्हरवर मी थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवायचे. एखादा बंद पडलाच, तर त्याचं काम उरलेले तिघे उचलतील. आमच्या टिपणीससाहेबांना ते खुपायचं. "ही तुमची एसटीतली आमदारांची राखीव सीट! आमदार कधी चढतो का?"

आज भर ओपीडीत एक सर्व्हर बंद पडला. त्याचं काम उरलेल्या तिघांनी उचललं. खिडकीवर केसपेपर निघतच राहिले.

साहेब धावत आले, स्क्रीन बघून हसले. "चढले की हो आमदार!"

दाराशी जाऊन मात्र थबकले. "पण मॅडम, आता दुसरे आमदार आले तर?"

तीन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. खणातून नव्या सर्व्हरचा अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. सहीची जागा तेवढी रिकामी ठेवली होती.